कमलताईंवर जळताना

कमलताई मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून मोकळी होते. त्या गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या जुन्या ओळखीतल्या एकीचा फोन आला, की तू त्यांच्याबरोबर चार वर्षं काढलीस, तूच त्यांच्यावर दोन शब्द लिही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो हा, की मेल्यावरसुद्धा ह्या बाईचं कौतुक मीच करायचं का? इतकं जळणं बरं नव्हे, मला कळतं. पण गोडगोड दोन शब्द लिहिले तर त्यात कमलताई यायच्या नाहीत, आणि मीही यायची नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या पलीकडे एक लहान गाव आहे, तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात आम्ही दोघी नर्स होतो. मी हडपसरची. तीन वर्षांचा डिप्लोमा, पहिला वर्ग, अक्षर मोत्यासारखं. कमलताई दीड वर्षाच्या जुन्या कोर्सवाल्या, घोडेगावकडच्या, आणि मी आले तेव्हा त्यांना तिथे पंधरा वर्षं होऊन गेलेली. उंची बेताची, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, पांढऱ्या साडीचा काठ कायम मातीने माखलेला. आवाज असा, की एका बांधावरून तिसऱ्या बांधावरच्या बाईला औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगतील. नवरा होता म्हणे. कुठे होता ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्यांना बघून मला वाटलं, ह्यांना मागे टाकायला कितीसा वेळ लागणार! आठ दिवसांत माझा भ्रम फिटला.

बुधवारी लसीकरण असायचं. दोन टेबलं, दोन नर्सा, एकाच डब्यातली एकच लस. कमलताईंच्या टेबलासमोर रांग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून कडुनिंबापर्यंत, आणि माझ्या टेबलासमोर आमचा शिपाई जांभया देत उभा. मी हाका मारायची, ‘इकडे या, इकडे रिकामं आहे.’ बाया माझ्याकडे बघून हसायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. कमळबाईंचा हात लई हलका, पोराला कळत बी न्हाई, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही ऐकलं तरी अंगाचा तिळपापड होईल. एकदा मी मुद्दाम त्यांच्या मागे उभी राहून बघितलं. सुई धरण्याची पद्धत आमच्या पुस्तकात होती तशी अजिबात नव्हती. तरी पोरं रडत नव्हती, त्याला मी काय करू?

त्यांची एक सवय होती. पोर असो, म्हातारा असो, सरपंच असो, समोर आलं की आधी म्हणायच्या, ‘बघू, हात दे.’ नाडीसाठी नव्हे. नुसता तळहात आपल्या दोन्ही हातांत धरायच्या, अंगठ्याने चोळायच्या, उलटासुलटा करायच्या, आणि तेवढ्यात इकडच्या तिकडच्या गप्पा. कांदा काढला का, पोरगी नांदायला गेली का, म्हशीचं काय झालं. मला ते नाटक वाटायचं. जोशीबुवा आहात का हात बघायला, असं मी एकदा म्हटलंही. त्या म्हणाल्या, ‘नाव इसरते मी माणसाचं. हात धरला की ध्यानात ऱ्हातं.’

लिखाणात मात्र त्यांची बोंब होती. महिन्याचा अहवाल घोडेगावला पंचायत समितीत जायचा, तो मी त्यांच्या वतीने लिहून द्यायची, आणि सांगायला लाज नाही, तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटायचं. त्यांच्या जन्माच्या रजिस्टरात समासात पेन्सिलीने बारीक खुणा असायच्या. काही नावांपुढे लिहिलेलं असायचं, ‘मामाची.’ म्हणजे ह्या बाळाच्या बापाने मामाची मुलगी केलीय. आमच्या भागात ते काही नवल नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच धरतात आणि घरातली पोरगी घरात राहिली म्हणून दोन्हीकडची माणसं खूश असतात. पण सरकारी रजिस्टरात ते कशाला? मी खोडरबर घेऊन ते सगळं स्वच्छ पुसून टाकायची. पुढच्या महिन्यात कमलताई काही न बोलता ते पुन्हा लिहून काढायच्या.

त्याच रजिस्टरात एक घर होतं. दोन सख्खे भाऊ, आणि दोघांनी आपल्या मामाच्या दोन सख्ख्या मुली केलेल्या. थोरल्याचा मुलगा संतोष, धाकट्याची मुलगी संगीता. तिला सगळे संगी म्हणायचे. ह्या दोन पोरांचे केस जन्मापासून वेगळे होते. कुरळे म्हणावेत तर कुरळेही नव्हते, मेंढराच्या अंगावरच्या लोकरीसारखे, दाट, गुंतलेले, कंगवा शिरायचा नाही असे. सरळ यावेत म्हणून संगीचं जावळ तीन वेळा काढलं होतं. डोक्यात तेल जिरवलं, आणखी काय काय लावलं, केस आपले तसेच. शाळेत पोरं तिला मेंढी म्हणायची, आणि संगी मागे लागली की त्यांना पळून जायची सोय नव्हती, कारण तिच्याइतकं जोरात गावात कुणी पळत नव्हतं.

आणि तळहात. दोघांचे तळहात आणि तळपाय जाड, पिवळसर, घट्ट, वर्षानुवर्षं कुदळ मारलेल्या माणसाचे असतात तसे. घरातली म्हातारी, म्हणजे ह्या पोरांची आजी, तिनेच आपल्या भावाच्या मुली सुना म्हणून आणलेल्या. तिला ह्या हातांचा काय अभिमान! आल्यागेल्याला पोरांचे हात दाखवायची. म्हणायची, आमच्या घरात पोरं जन्मताच कष्टाचे हात घेऊन येत्यात. पाहुणे हात चाचपून माना डोलवायचे. संगी बारा-तेरा वर्षांची नाही तोवर एक स्थळ नुसत्या तिच्या हातांवर भाळून विचारून गेलं होतं, की पोरगी कामाला वाघीण निघणार. रोग डोळ्यांसमोर धरून माणसं त्याचं कौतुक करत होती. आणि मी? शाळेच्या तपासणीत मी त्या दोघांना तीनदा बघितलं. माझ्या मोत्यासारख्या अक्षरात तीनदा लिहिलं, ‘तळहात जाड. मलम दिले.’

संतोष अठरा वर्षांचा झाला आणि पोलीस भरतीची तयारी करायला लागला. सकाळी कालव्याच्या कडेने पाच किलोमीटर पळायचा. एका सकाळी पळता पळता पडला तो उठलाच नाही. बैलगाडीत घालून त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमचे डॉक्टरसाहेब नवीन, कोवळे. त्यांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं आणि घाम पुसला. बाहेर लोक म्हणत होते रिकाम्या पोटी पळाला, कुणी म्हणत होतं बाहेरचं लागलं. कमलताई आत त्याच्याजवळ बसल्या होत्या, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. चांगला अर्धा तास. मला वाटलं, बघा, इथेही नाटक.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, साहेब, संतोषसारखीच संगी आहे, तिला पुण्याला दाखवलं पाहिजे. तसेच केस, तसेच हात. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, केसांचा आणि हृदयाचा काय संबंध? मी हसले, डॉक्टरांपेक्षा जरा मोठ्यानेच. कमलताई हटल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. नवव्या महिन्यात संगीला गोवराची लस त्यांनीच दिली होती, तेव्हा तिचा तळहात लोण्यासारखा मऊ होता. दीड वर्षाला डोस द्यायला गेल्या तेव्हा तो खरखरीत झालेला. मध्ये काय झालं, तर पोर रांगायला आणि चालायला लागली. संतोषचंही तसंच झालेलं. म्हणजे जिथे भार पडतो तिथे ह्या पोरांचं शरीर वेगळं वागतं. मग हृदयावर तर रोजचा भार, आणि पळताना दुप्पट. हे त्यांनी अडाण्यासारखं, अडखळत सांगितलं, पण सांगितलं. बारा वर्षांपूर्वीचा एका तान्ह्या पोरीचा तळहात त्यांच्या ध्यानात होता! माझ्या ध्यानात कालच्या पोरीचा नव्हता.

डॉक्टर नाइलाजाने चिठ्ठी द्यायला तयार झाले. कमलताईंचं अक्षर कुणाला लागणार नाही म्हणून त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं, ‘शैला, तू लिही.’ त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. केस जन्मापासून लोकरीसारखे. तळहात, तळपाय रांगायला लागल्यापासून जाड. चुलतभाऊ हुबेहूब तसाच, पळताना मृत्यू. दोघांचे बाप सख्खे भाऊ, दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, आणि त्या बहिणी बापांच्या मामाच्या मुली. खाली डॉक्टरांची सही. लिहिताना मला कळत होतं की ही बाई बरोबर असू शकते. तेवढ्यानेच मला इतका राग आला की पेनाची निब वाकली.

घरच्यांनी पुण्याला जायचं कबूल केलं, पण कांदा काढून झाल्यावर. तोवर संगीने पळायचं नाही, खेळायचं नाही, असं कमलताईंनी तिच्या आईला, इंदुबाईला, बजावून सांगितलं. संगी खो-खोच्या संघात होती आणि घोडेगावला तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. नेमक्या त्याच आठवड्यात कमलताईंना प्रशिक्षणासाठी पुण्याला जावं लागलं.

आणि मग एका दुपारी आमच्या दारात इंदुबाई आली आणि शिपायाला तिने विचारलं, ‘शैलाबाई हायेत का?’

चार वर्षांत कुणी मला नावाने विचारत आलेलं हे पहिल्यांदा. हसू नका. मी आतून ऐकलं आणि केस नीट करून बाहेर आले. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिचं म्हणणं असं, की पोरगी जेवत नाही, शिक्षक सारखे घरी येतात, संघ तिच्यावरच आहे, आणि पोरगी दिसायला तर धडधाकट. खेळू द्यावं का? मग जाता जाता ती म्हणाली, की मधी एकदा हापशावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली व्हती, आणि कधीकधी म्हणती छातीत फडफड व्हती.

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. चिठ्ठी मीच लिहिली होती, अर्थ मला कळत होता. आणि मी म्हटलं, ‘अशक्तपणा आहे. लोहाच्या गोळ्या देते. खेळू द्या तिला. कमलताईंना काय, प्रत्येकात काहीतरी दिसतं.’

हे अज्ञान नव्हतं. हे पोटात दुखणं होतं, शुद्ध पोटात दुखणं. कमलताईंनी नको म्हटलेलं मी हो म्हटलं आणि कुणीतरी ते माझ्याकडून घेऊन गेलं, ह्याचा आनंद मला संध्याकाळपर्यंत पुरला.

स्पर्धेच्या दिवशी प्रथमोपचाराची ड्युटी माझीच लागली. मैदान पंचायत समितीच्या मागे होतं. माझ्यापुढे टेबल, त्यावर कापूस, आयोडीन, ग्लुकोजचं पाणी. संगीचा सामना सुरू झाला आणि मी तिच्याकडेच बघत होते. पोर काय सुंदर पळत होती, काय सांगू. मागे लागलेल्या पोरी तोंडावर पडत होत्या. लोक ओरडत होते, मेंढी, मेंढी, पण आता ते कौतुकाने. खांबाला वळसा घालून ती परत फिरली, चार पावलं आली आणि गुडघे मोडून खाली गेली. आधी सगळ्यांना वाटलं घसरली. मी पोचले तेव्हा तिचे डोळे वर गेले होते आणि नाडी माझ्या बोटांना लागत नव्हती. अशा वेळी काय करायचं ते मी पाठ केलेलं होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. पण मी हातात ग्लुकोजचं पाणी घेऊन तिथे नुसती गुडघ्यावर बसून राहिले.

प्रशिक्षणाचा कागद पंचायत समितीत द्यायला म्हणून कमलताई त्याच दिवशी एसटीने थेट घोडेगावला उतरल्या होत्या. ओरडा ऐकून त्या पिशवीसकट मैदानात घुसल्या. मला बाजूला ढकललं, पोरीच्या छातीवर मूठ आपटली, मग दोन्ही हात ठेवून दाबायला लागल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. संगीने एकदम मोठा श्वास घेतला, खोकली आणि रडायला लागली. कमलताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. इंदुबाई धावत आली तशी तिला विचारलं, ‘खेळ म्हणून कुणी सांगितलं हिला?’

इंदुबाईने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडणार तेवढ्यात कमलताई म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या. आता जीप बघा आदी.’

कुणाच्यातरी जीपमधून आम्ही मंचर आणि तिथून पुणे गाठलं. मोठ्या रुग्णालयात मशीन लावली, पट्ट्या काढल्या, सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय पाहिलं. दुसऱ्या दिवशी हृदयाचे मोठे डॉक्टर आले. त्यांनी यंत्राचे कागद बाजूला ठेवून आधी संगीच्या केसांत हात घातला, मग तळहात उलटून बघितला, आणि विचारलं काय तर, नात्यात लग्न आहे का? जे मी खोडरबराने पुसत होते तेच. त्यांनी मला समजावून सांगितलं. दुखणं एकच, जागा तीन. केसांत ते जन्मापासून दिसतं, हातापायांवर पोर रांगायला-चालायला लागलं की दिसतं, आणि हृदयात ते वयात येताना उतरतं. हृदयाचा स्नायू जागोजाग विरतो, त्याच्या जागी चरबी आणि वण भरतात, मग श्रम पडले की ठोके वाट चुकतात. कधी नुसती फडफड, कधी चक्कर, कधी सगळं संपतं. आई आणि बाप दोघांनी अर्धं अर्धं दिलं तरच पोरात येतं, आणि त्या दोघांना स्वतःला काही होत नाही. परदेशातल्या कुठल्याशा बेटावर हे पहिल्यांदा ओळखलं गेलं, म्हणून त्या बेटाचंच नाव त्याला पडलंय. आयुष्यभर गोळ्या. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, दर वर्षी दाखवायला यायचं.

मग इंदुबाईने घरून मागवून घेतलेली आमची चिठ्ठी त्यांनी हातात घेतली. पुन्हा वाचली. म्हणाले, इतकी वर्षं मी शिकवतोय, खेड्यातून अशी चिठ्ठी मला आलेली नाही. हे कुणी लिहिलं?

मी म्हटलं, ‘मी.’

अक्षर माझंच होतं ना! डॉक्टर माझ्याशी दोन मिनिटं बोलले, त्यांच्या विद्यार्थ्यांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. माझे कान गरम झाले होते. वळले तर दारात कमलताई उभ्या, हातात इंदुबाईसाठी चहाचा कप. त्यांनी ऐकलं होतं. त्या आत आल्या, कप इंदुबाईच्या हातात दिला आणि संगीची चादर सारखी केली.

परत आल्यावर चौकशी झाली. आजारी मुलगी मैदानात उतरलीच कशी? कमलताईंनी लेखी उत्तर दिलं, म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मीच लिहिलं, की खेळू नये असं मी तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नाही, चूक माझी. महिन्याभरात त्यांची बदली जुन्नर तालुक्यात मढला झाली, पार माळशेजच्या वाटेवर. जाण्याआधी त्या संतोषच्या घरी गेल्या आणि म्हातारीला सांगून आल्या, की आता पुढच्या पिढीत मामाची पोरगी आणायची नाही. म्हातारीने त्यांना शिव्या घातल्या. पण घरात पुढची सून लांबून आली.

आता केंद्रात मी एकटी मोठी. बुधवारची सगळी रांग माझी. आणि बाया काय म्हणायच्या? ‘कमळबाई परत कधी यायच्या?’ मी जळून खाक व्हायची. सूड घ्यावा तसं त्यांनी माझ्यावर उपकार करून ठेवला होता. माझी चूक स्वतःवर घेऊन, ब्र न काढता निघून गेल्या. एवढा मोठेपणा माणसाला असतो का? आणि असतो तर तो त्यांनाच का? त्यांच्या हातगुणावर मी जळले त्याच्या दसपट त्या गप्प बसण्यावर जळले. फक्त एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. पुण्याहून आलेल्या गोळ्या दर महिन्याला मी द्यायच्या असं ठरलं होतं, आणि माझ्या सल्ल्याने जिची पोर मरायची राहिली ती इंदुबाई पहिल्या महिन्यापासून मुकाट्याने माझ्याकडे येत होती.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. संगी बारावी झाली, गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं. केस बारीक कापून घ्यायची, हाताला रोज मलम लावायची, आणि गोळ्यांना आता स्वतः यायची. एके दिवशी गोळ्या पिशवीत टाकता टाकता म्हणाली, ‘बाई, तुमी नसत्या तर मी नसते. आई कायम सांगती.’

जन्मभर मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा मला तिथे बसवेना. त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि जुन्नरहून एसटी धरून मढला गेले.

थंडीचे दिवस. उपकेंद्राच्या दोन खोल्या, बाहेर आया पोरं घेऊन उन्हात बसलेल्या. कमलताई बऱ्याच वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी ‘ये’ म्हटलं, बस्स. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की तेव्हा इंदुबाईला खेळू द्या म्हणून मीच सांगितलं होतं.

‘ठाऊक हाय,’ त्या म्हणाल्या. ‘मैदानातच कळलं मला.’

मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? माझ्यासाठी तुम्ही ठपका घेतलात, बदली सोसलीत, मला एका शब्दाने...

‘तुझ्यासाठी?’ त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ‘तुझी मान मुरगळावी वाटत व्हती मला. बदली कुणी केली न्हाई माझी. मीच मागून घेतली. तुझं तोंड बघवत नव्हतं.’

त्या हळू आवाजात बोलत होत्या, त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

‘इंदुबाई मला म्हनली व्हती, त्या बाईच्या दारात पाय ठेवनार न्हाई. तीन दिस तिच्या घरी जाऊन बसले. म्हनलं, शैलाची चूक न्हाई, ह्ये कुनालाच कळलं नसतं. म्हनलं, तिनं चिठ्ठी लिहिली म्हनून पोरगी वाचली. लई खोटं बोलले. मी तर तिथं ऱ्हाऊ शकत नव्हते, आन गोळ्या तुझ्याच हातनं जायच्या व्हत्या.’ मग त्यांनी विचारलं, ‘घेती का रोज?’

‘घेते,’ मी म्हटलं.

‘एक बी चुकवत न्हाई?’

‘नाही. मी मोजून देते.’

‘देत जा,’ त्या म्हणाल्या, आणि बाहेरच्या पहिल्या बाईला त्यांनी हाक मारली.

मी रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत बसले. तासभर तरी बसले असेन. समोर उपकेंद्राचं दार उघडंच होतं. आत कमलताई एका तरुण बाईसमोर बसल्या होत्या, बाईच्या मांडीवर तान्हं मूल, आणि तिचा तळहात आपल्या दोन्ही हातांत धरून त्या तिच्याशी काहीतरी बोलून हसत होत्या. एसटी आली, मी चढले, खिडकीतून पुन्हा बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. कधी न पाहिलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या त्या बाईचा मला तेव्हा इतका हेवा वाटला, की जुन्नर येईपर्यंत मी डोळ्यांवरचा पदर काढला नाही.